दोन्ही कानांना खाच

आबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचं कीर्तन असं रंगलं, की पाटसपासून कुरकुंभपर्यंत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. थोरल्या मुलानं, हनुमंतानं घातलेला मांडव त्याच्या लग्नातल्या मांडवापेक्षा मोठा होता. टाळकरी चाळीस, मृदंगावर आळंदीचा गडी, आणि कर्ण्यांचा आवाज असा की हायवेवरचा ट्रकवालासुद्धा क्षणभर क्लीनरला गप्प बसवून ऐकत असेल.

सोजराबाई बायकांच्या बाजूला अगदी पुढं, खांबाला टेकून बसली होती. वर्षभर तिच्या तोंडावर उजेड नव्हता. पण टाळ घुमायला लागले तशी तिची मान आपोआप डोलायला लागली. आबा आणि ती, दोघंही कीर्तनाची वेडी. मेंढरं घेऊन घाट उतरायचे, तेव्हासुद्धा कुठल्या गावात कीर्तन आहे याचा पत्ता आबा आधी काढायचे आणि मग त्या अंगाला मेंढरांचा वाडा बसवायचे. मेंढरं वाघरीच्या जाळ्यात, पोरं घोंगडीत, आणि नवराबायको देवळाच्या पायरीवर. असा त्यांचा संसार झाला होता.

महाराजांनी त्या दिवशी काल्याचा प्रसंग घेतला.

"यमुनेच्या काठी गोपाळ जेवायला बसले," महाराज वीणा बाजूला देऊन म्हणाले. "कुणाची शिदोरी दहीभाताची, कुणाची लोणच्याची, कुणाची नुसती शिळी भाकर. देवानं काय केलं? समद्या शिदोऱ्या एका जागी कालवल्या. आता मला सांगा मंडळी, कालवताना समद्यांची शिदोरी घेतली, आन् वाटायच्या वक्ताला एकाला म्हणाले, तू जरा लांब बस, तर त्याला काला म्हणायचं का?"

मांडव हसला. "न्हाई," म्हणाला.

"मग काय म्हणायचं?"

महाराजांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "चोरी."

मांडव पुन्हा हसला. सोजराबाई हसली नाही. मान डोलवायची ती मध्येच थांबली आणि तिनं शेजारी बसलेल्या लेकीकडं, गिताबाईकडं पाहिलं. गिता न्हावऱ्याहून कालच आली होती. शिरूर तालुक्यातलं तिचं सासर. पंचेचाळिशीची बाई, केस पांढरे व्हायला लागलेले. ती आपली पदर तोंडाशी धरून हसत होती.

बाराच्या ठोक्याला फुलं पडली, पंगती उठल्या, आणि दुपार उतरताना धाकटा बाळासो आईजवळ येऊन बसला. बाळासो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. बोलणं गोड, आणि अवघड बोलणं असलं की हनुमंत त्यालाच पुढं करायचा.

"आई, उद्या जरा दौंडला जायचंय. तू, अक्का आन् आम्ही दोघं. जीप सांगितलीय."

"कशाला?"

"हक्कसोडपत्र करायचंय. म्हंजी काय न्हाई, आबा गेल्यावर तलाठ्यानं सातबाऱ्याला चौघांची नावं लावली ना, तुझं, अक्काचं आन् आमच्या दोघांची. त्यातली तुम्हा दोघींची कमी करायची. रीतच हाय ती."

"अक्काला इचारलंस?"

"अक्काचं काय, ती कधी न्हाई म्हणालीय का?"

हे मात्र खरं होतं. गिता कधीच नाही म्हणाली नव्हती. चुलीपाशी बसून ती थोरल्या भावजयीनं, कुशाबाईनं दाखवलेली साडी बघत होती. मोरपंखी रंग, जरीचा काठ. शेजारी सोजराबाईसाठी नऊवारी लुगडं. सही झाली की नेसवायची होती.

सोजराबाईनं लुगड्याला हातसुद्धा लावला नाही. तिला आठवलं, माहेरी कासुर्डीला तिच्या भावांनीही तिला असंच लुगडं नेसवलं होतं आणि तिचा अंगठा घेतला होता. हिरवं लुगडं. तिसऱ्या वर्षी ते विरलं. भाऊ वाईट नव्हते, येणंजाणंही राहिलं. पण त्या दिवसापासून ती माहेरच्या बांधावरून चालताना पाय जपून टाकायला लागली, दुसऱ्याच्या रानात टाकतात तसा.

दुसऱ्या दिवशी जीप दौंडच्या रस्त्याला लागली. पाटसच्या कारखान्याकडं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. हनुमंत पुढं ड्रायव्हरशेजारी बसून त्याला सांगत होता, की बहिणीची सही नसल्यामुळं पाइपलाइनचा कागद अडलाय, विजेच्या मोटारीचा कागद अडलाय.

"दर कागदाला न्हावऱ्याला पळायचं का म्या?" तो म्हणाला.

"पळ की," मागून सोजराबाई बोलली. "तेवढंच बहिणीला बघशील."

ड्रायव्हर आरशात हसला.

दौंडच्या दस्तनोंदणी कचेरीबाहेर लिंबाखाली फिरोजचं टेबल होतं. फिरोज दस्त लिहायचा. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ आगगाडीसारखी. हनुमंत त्याच्याकडेच यायचा, कारण दोन घरांची ओळख जुनी. फिरोजचे वडील मीरासाहेब पूर्वी मेंढरांचे व्यापारी. आता डोळे मंदावले, गुडघे गेले. पण घरात बसवेना म्हणून लेकाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसायचे.

"कोण, सोजरावहिनी?" आवाजावरूनच त्यांनी ओळखलं. "आबाच्या कीर्तनाला यायचं होतं हो. पाय न्हाई म्हणाले."

"तुम्ही यायला पायजे व्हतं, मीराभाई. काला लई ग्वाड झाला."

हनुमंतानं साडी-लुगडं टेबलावर ठेवलं. फिरोजनं कागद आधीच तयार ठेवला होता. त्यानं घसा खाकरला आणि गाडी सोडली. "लिहून देणार सोजराबाई आणि गिताबाई, कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो ऐसे जे की, सदर जमीन मिळकत मयत यांची स्वकष्टार्जित असून..."

"थांब," सोजराबाई म्हणाली. "काय असून?"

"स्वकष्टार्जित, चाची. म्हंजी आबांनी स्वतःच्या कष्टानं घेतलेली. वडिलोपार्जित न्हाई, असा अर्थ."

"कष्टानं घेतली हे खरं. कशावर घेतली?"

फिरोजनं हनुमंताकडं बघितलं. हनुमंत म्हणाला, "आई, त्याला पुढं वाचू दे."

"मेंढरांवर घेतली," सोजराबाईनंच उत्तर दिलं. "समदी खांड, आख्खा कळप इकून घेतली. मीराभाई, खांड कुणी घेतली व्हती?"

"म्या घेतली," म्हातारा खुर्चीत सरळ झाला. "फिरोजचा जन्म व्हायचा होता तवा. पाऊणशे मेंढरं, चार मेंढे. काय खांड होती. एक मेंढरू लंगडं न्हाई, एक खोकणारं न्हाई."

"त्यांचे कान आठवत्यात?"

मीरासाहेब हसले. व्यापाऱ्याला हे विचारणं म्हणजे सोनाराला कस विचारणं. "न आठवायला काय झालं? तुमची खूण डाव्या कानाला एक खाच. आन् त्यातली काही दोन्ही कानांना खाच असलेली. ती येगळी बांधायची म्हणून आबानं मला आडवलं होतं. म्हणला, मीरा, ही येगळी मोज, ही माझी न्हाईत, ही पोरीची हायती."

शेजारच्या टेबलावर टाइपरायटर खडखडत होता.

सोजराबाईच्या घरची ती रीतच होती. मुलगा झाला तर खांड त्याचीच. पण मुलगी झाली, की बारशाला तिच्या नावानं एक मादी कोकरू सोडायचं आणि त्याच्या दोन्ही कानांना खाच पाडायची. त्याला होईल ती वीण मुलीची. लग्नात ती मेंढरं लेकीसंगं सासरी जायची, आणि सासरच्यानं कधी डोळे वटारले तर ती आपली मेंढरं हाकत परत यायची. गिताचं कोकरू तर मोठं भाग्याचं निघालं. गिता दहा वर्षांची झाली तोवर त्या एकाची मोठी वीण झाली होती.

"किती व्हती ती, मीराभाई?"

"एकतीस. म्या आजबी सांगंन. एकतीस."

"पाऊणशेत एकतीस," सोजराबाई बोटांवर न मोजता म्हणाली. "पोरगी परकर नेसत व्हती. तिची मेंढरं तिला न इचारता इकली. तिच्या लग्नात हुंदडतं एक कोकरू दिलं न्हाई आपण. आबा तिला म्हणालं व्हतं, गिता, तुझी मेंढरं म्या मातीत चरायला सोडलीत, ती कुठं जात न्हाईत. कोण व्हतं रं तवा तिथं, हनुमंता?"

हनुमंत चपलेनं मातीत रेघ काढत होता. तो तिथंच होता. चौदा वर्षांचा होता आणि मेंढरं गेली म्हणून रडत होता.

"आबा बोलायला काय, कीर्तनात बसल्यावानी बोलायचं," तो म्हणाला. "कागदावर आणलं का त्यांनी? खरेदीखतावर एकच नाव हाय. मेंढरांच्या कानावर सातबारा निघतो का कुठं?"

"हीच चूक झाली त्यांची," सोजराबाई म्हणाली. "त्यांना वाटलं, खूण पाडलीया, ती पुरंल. मेंढराला कान असत्यात, जमिनीला नसत्यात, हे त्यांच्या ध्यानात आलं न्हाई."

बाळासोला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. आणि इतका वेळ गप्प असलेली गिता तेवढ्यात आईचा हात धरून तिला बाजूला, रसवंतीच्या गाड्यामागं घेऊन गेली.

"आई, कशाला उकरतीस? म्या सही करते. मला काय कमी हाय?"

"कमी हाय म्हणून न्हाई म्हणत म्या. तुझं हाय म्हणून म्हणते."

"अगं पण सही न्हाई केली तर ह्यांनी तोंड फिरवलं म्हंजी? पंचमीला मुराळी येणार न्हाई, दिवाळीला येणार न्हाई. गावातल्या बायका इचारतील, गिताबाई, तुमचा भाऊ न्हाई आला न्यायला? मी काय सांगू? माझं म्हायेर त्या दोन सह्यांवर हाय."

सोजराबाईनं लेकीकडं नीट पाहिलं. लहानपणी हिच्याच मागं एकतीस मेंढरं चालायची. ही पुढं, हातात बाभळीची फोक, आणि दोन्ही कानांना खाच असलेली मेंढरं हिच्या टाचेला टाच लावून. हाक मारायलाही लागायची नाही.

"तुझं म्हायेर म्या हाय," ती म्हणाली. "अजून मेले न्हाई."

"आन् तू गेल्यावर?"

सोजराबाई तशीच कचेरीकडं वळली.

आत साहेबांसमोर चौघं उभी राहिली. साहेब तरुण होता, चष्म्यातून कागद चाळणारा. शाईचा पॅड पुढं सरकवून त्यानं रोजच्या सुरात विचारलं, "आजी, यात तुम्ही तुमचा हक्क सोडताय. कळलंय ना? स्वखुशीनं करताय ना?"

हा प्रश्न त्या खोलीत रोज कितीतरी वेळा विचारला जायचा आणि त्याचं एकच उत्तर यायचं. उत्तर येईपर्यंत साहेब पुढचं पान उलटायचा.

"न्हाई," सोजराबाई म्हणाली.

साहेबाचा हात पानावरच राहिला. "काय म्हणालात?"

"स्वखुशी न्हाई. तुम्ही इचारलं म्हणून सांगितलं. खुशी माझी न्हाई, त्या लुगड्याची हाय."

हनुमंत खालच्या आवाजात म्हणाला, "आई, लोकं बघत्यात."

"बघू दे. लोकांनी कीर्तनबी बघितलं. आबाच्या नावानं मांडव घालायचा, महाराजांना हार घालायचा, आन् महाराज काय बोललं ते मांडवातच सोडून यायचं? समद्यांची शिदोरी कालवलीया हनुमंता. वाटायच्या वक्ताला एकीला लांब बसवतोस व्हय?"

साहेबानं कागद बंद केला. "हा दस्त होणार नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. "बाहेर जाऊन घरात ठरवा. पुढचे या."

बाहेर लिंबाखाली हनुमंताचा बांध फुटला. आयुष्यभर आईपुढं त्यानं आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "एवढी लेकीची माया असंल तर लेकीकडंच राहा जाऊन न्हावऱ्याला."

"का?" सोजराबाईनं शांतपणे विचारलं. "माझा चौथा हिस्सा हाय हितं. म्या माझ्या रानात, माझ्या घरात राहते. तुला कुठं राहायचं ते तू ठरव."

गितानं मात्र स्टँडवरूनच शिरूरची एसटी धरली. पायरीवर पाय ठेवताना एवढंच म्हणाली, "माझं म्हायेर तू तोडलंस, आई." मोरपंखी साडी फिरोजच्या टेबलावरच राहिली. सोजराबाईनं ती उचलून पिशवीत घातली.

पंधरा दिवस सोजराबाईनं एकच गोष्ट मनात घोळवली. गिताचा प्रश्न. आन् तू गेल्यावर? कुशाबाई ताट आदळून वाढत होती, हनुमंत अंगणातून जाताना दुसरीकडं बघत होता, आणि सोजराबाई बाजेवर बसून माळ ओढत विचार करत होती. गिताचं नाव राहिलं, ते ती स्वतः जिवंत आहे तोवर. ती गेली, की हे दोघं दुसऱ्या दिवशी साडी घेऊन न्हावऱ्याला जातील, आणि ती येडी सही करून मोकळी होईल. कळप रानात सोडून राखणदार निघून गेल्यावर काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सोळाव्या दिवशी ती एकटीच दौंडला गेली.

"फिरोज, माझं मृत्युपत्र लिही."

"लिहितो की, चाची. तुमचा चौथा हिस्सा ना? गिताअक्काच्या नावावर?"

"न्हाई."

फिरोजनं पेन वर धरलं. मीरासाहेबांनीही कान टवकारले.

"माझा वाटा तिघांना सारखा. हनुमंताला, बाळासोला आन् गिताला. मला तिन्ही लेकरं सारखी. पण पुढं लिही. माझ्या माघारी जो कुणी गिताकडं तिचा हक्क सोडायची सही मागंल, मग ती साडी देऊन मागू दे नाहीतर रडून मागू दे, त्याला माझ्या वाट्यातलं ढेकूळसुद्धा न्हाई. त्याचं समदं गिताला."

फिरोजनं डोकं खाजवलं. "चाची, असलं म्या आजपर्यंत लिहिलं न्हाई."

"मग आज लिही. तुझं अक्षर चांगलं हाय."

"आन् अक्कानं स्वतःच, कुणी न मागता, सही केली तर?"

सोजराबाईनं थोडा विचार केला. हेच तर खरं भय होतं. "तर माझ्या वाट्यातला तिचा हिस्सा देवळाला. कुठलंबी देऊळ. भावांना न्हाई. माझ्या वाट्यापुरती तरी तिची सही भावांच्या कामाची राहायला नको, एवढं बघ."

मीरासाहेब खुर्चीत हलून हलून हसायला लागले. "वहिनी, तुम्ही वकील व्हायच्या होत्या."

"म्या धनगराची बाय, मीराभाई. वाघर लावताना एक भोक राहिलं तर लांडगा तिथूनच येतो. समद्या बाजूनं ताणून बांधायला लागती."

फिरोजनं एका जाणत्या वकिलाला शब्द दाखवून घेतले. डॉक्टरनं म्हातारी शुद्धीत असल्याचा दाखला दिला, आणि वर म्हणाला, जरा जास्तच शुद्धीत आहे. साक्षीला मीरासाहेब आणि त्यांची बायको खुर्शिदबी. मीरासाहेबांना पायऱ्या चढवायला फिरोज एका बाजूला आणि खुर्शिदबी दुसऱ्या बाजूला. आत तोच चष्मेवाला साहेब होता. त्यानं म्हातारीला ओळखलं. शाईचा पॅड पुढं करण्याआधी यावेळी तो तिच्या तोंडाकडं बघत थांबला.

"आजी, स्वखुशीनं करताय?"

"व्हय," सोजराबाई म्हणाली, आणि अंगठा असा दाबला की कागदावर रेघन्‌रेघ उमटली.

तिनं काहीच लपवून ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी दोघा पोरांना ओसरीवर बोलावून, काय लिहिलंय ते सांगितलं. बाळासोनं दोनदा ऐकून घेतलं, मग एकदम हसत सुटला. "दादा, म्हातारीनं आपल्या दोघांना एकाच दाव्याला बांधलं. तू सही मागितलीस की माझी चंगळ न्हाई, अक्काची." हनुमंत हसला नाही. पण त्या दिवसापासून हक्कसोडीचं नाव त्या घरात निघालं नाही.

राग मात्र त्यानं धरून ठेवला. श्रावण लागला. पंचमी चार दिवसांवर आली तेव्हा सोजराबाईनं विचारलं, "न्हावऱ्याला मुराळी कोण जातंय?"

"मला कारखान्यावर काम हाय," हनुमंत म्हणाला. बाळासोची सेकंड शिफ्ट होती.

"बरं," म्हातारी म्हणाली.

त्याच सकाळी ती तलाठ्याकडं गेली आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा घेतला. वाचता येत नव्हतं. तलाठ्याला विचारलं, "ह्यात गिताचं नाव कुठं हाय?" त्यानं बोट ठेवून दाखवलं, चौथ्या ओळीला. सोजराबाई तिथंच पायरीवर बसली. कागद मांडीवर पसरला. गिताच्या नावाच्या ओळीवर, कागदाच्या डाव्या काठाला तिनं नखानं एक खाच पाडली. मग उजव्या काठाला एक.

"अहो आजी, सरकारी कागद हाय तो," तलाठी म्हणाला.

"सरकारचं मधी हाय ते वाच. हे आमचं हाय."

चौफुल्याला येऊन तिनं एसटी धरली. उन्हं डोक्यावर असताना न्हावऱ्याच्या स्टँडवर उतरली, हातात आबांची काठी, काखेत पिशवी. गिताच्या ओट्यावर शेजारणी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यातली एक, सगळ्यांच्या घरातलं माहीत असणारी, आधीच विचारत होती, "का गं गिता, अजून मुराळी न्हाई आला?"

"आला की," सोजराबाई ओट्यावर टेकत म्हणाली. "म्या हाय मुराळी."

"अगं बाई. आई कधी मुराळी येत्याय व्हय?"

"ह्या वर्षापासून येत्याय. पाणी आण गिता, लई ऊन हाय."

गितानं पाणी आणलं. शेजारणी उठेपर्यंत ती आईकडं बघेना. मग दार लोटून, पाठमोरीच म्हणाली, "दादानं पाठवलं का तुला?"

"दादा रागात हाय. ऱ्हाऊ दे. राग हाय म्हंजी अजून नातं हाय." सोजराबाईनं पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला, आणि मृत्युपत्रात काय लिहिलं तेही सांगितलं, सगळ्या गाठींसकट.

गिता कागद उलटासुलटा करत राहिली. "ह्याला काय उंदरानं कुरतडलंय?"

"ते कान हायती."

गिताचं बोट डाव्या काठावरून खाली सरकत आलं आणि खाचेत अडकलं. मग उजव्या काठावरून. तिथंही अडकलं. पस्तीस वर्षांत त्या बोटाखाली असा कान आला नव्हता. पण बोट विसरलं नव्हतं. पहाटे वाघरीत शिरून, डोळे न उघडताच, नुसते कान चाचपून आपली मेंढरं वेगळी काढायची ही मुलगी. ती भुईवर बसली. कागद तिनं किती वेळ तसाच धरला, ते सोजराबाईनं मोजलं नाही.

"एकतीस व्हती," गिता म्हणाली. "एकतिसावं तर चारच दिसांचं व्हतं. त्याच्या कानाला खाच म्या स्वतः पाडली व्हती. तुम्ही इकणार हे मला कुणी बोललं नव्हतं."

एवढ्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. सोजराबाईनं मान खाली घातली. "न्हाई बोललो," ती म्हणाली. "चुकलं आमचं."

मग पिशवीतून मोरपंखी साडी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली. "सहीची न्हवं. पंचमीची हाय. भावानं घेतलीया, भावाचीच हाय. नेस आन् चल, तीनची गाडी हाय."

वस्तीवर दोघी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. हायवेपासून घरापर्यंतची वाट उसाच्या कडेनं जाते. त्या वाटेनं गिता आयुष्यभर पदर सावरत, कडेकडेनं आलेली. आज ती मधून चालत होती, आणि मागं पडलेल्या आईसाठी मध्येच थांबत होती.

हनुमंत बांधावर उसाला पाण्याचं बारं देत उभा होता. त्यानं साडी ओळखली. फावडं टेकवून त्यानं आधी आईकडं, मग बहिणीकडं पाहिलं.

"आलीस व्हय," तो म्हणाला. आवाजात ओल नव्हती.

सोजराबाईच्या ओठावर उत्तर आलंच होतं. पण गिता तिच्या आधी बोलली.

"आले की," ती म्हणाली. "माझ्याबी रानातलं पाणी कुठवर आलंय, ते बघाया आले."

हनुमंत तिच्याकडं बघत राहिला. कधीच नाही न म्हणणारी बहीण ही. हिचा आवाज असाही असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाणी सरीतून फुटून वाटेवर यायला लागलं, तेव्हा तो भानावर आला.

"लांबच्या सरीला न्हाई पोचलं अजून," तो म्हणाला. मग फावडं उचलून सरी दाबता दाबता, तिच्याकडं न बघता बोलला, "चपला काढून ये. चिखल लई हाय."

गितानं चपला बांधावर काढल्या, मोरपंखी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलात उतरली.